पायाळू बाईचा हात

१५ सप्टेंबर, सोमवार
निश्चय झाला. यंदा मंडईच्या स्टेजवर गिटार वाजवायची. आंधळगावात स्टेजवर गिटार वाजवणारी मी पहिली बाई. (पहिला पुरुषही अजून झालेला नाही, पण तो त्यांचा प्रश्न.) मंडई म्हणजे आमची गावजत्रा, दिवाळीनंतर. वेळच वेळ आहे.
उजव्या मनगटातून अंगठ्याकडे जरा कळ येते. पावसाळी हवेमुळे असणार.
आणखी एक. या वहीत मी नवऱ्याला कैलाश म्हणणार. दिवसभर 'अहो, अहो' करून तोंड दुखतं. वही माझी आहे.

१६ सप्टेंबर
कळ हवेमुळे नाही. माऊसमुळे. धानाची ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यापासून माझ्या ई-सेवा सेंटरवर सकाळपासून रांग. सातबारा, आधार, पासबुक, अंगठा. धनीरामने आज तंबाखूचा खर्रा मळलेला अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने ओळख दिली नाही. मीही दिली नसती. मग त्याने तो अंगठा पुसला. माझ्या पडद्याला. शी.
काम झालं तरी गडी जाईना. कमरेवर हात ठेवून उभा. मी ओळखलंच. म्हणाला, "वहिनी, तेवढी लाथ मारून द्या ना वो. काल बांधीत वाकलो तं उसणच भरली."
माझा गुन्हा एवढाच की जन्मताना माझ्या डोक्याआधी पाय बाहेर आले. तेव्हापासून मी माणूस नाही, मलम आहे. पायाळू माणसाने कमरेत तीन लाथा घातल्या की उसण पळते, हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ. धनीराम उंबरठ्यावर पालथा पडला. घामेजलेलं बनियन, त्याला झेंडू बामचा वास. मी त्याचा मोबाईल नंबर टाइप करता करता दोन मारल्या, ओटीपी आला तेव्हा तिसरी. "मोकळं झालं वो वहिनी!" म्हणत गेला. चप्पल माझीच घालून गेला.
बी.कॉम., टायपिंग मराठी-इंग्रजी दोन्ही, आणि लोकांना हवा माझा तळपाय.

२० सप्टेंबर
गिटार मोनाची. दहावीनंतर हट्टाने घेतली, महिनाभर वाजवली, आणि नागपूरला कॉलेजला जाताना कपाटावर टाकून गेली. मी खाली काढली. आता मोबाईलवर बघून शिकते. गाणं स्वतःच रचलंय. चारच कॉर्ड, सी, जी, ए-मायनर आणि एफ. पहिले तीन जमतात. एफला एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात. हे ज्याने ठरवलं त्याचा हात कधी नांगी टाकलेला नसेल.
मोनाला फोन केला. म्हणाली, "आई, तू? अगं पहिले एफ लावून दाखव, मग बोल." पोटची पोर.
सासऱ्यांनी बाहेरून विचारलं, "पत्र्यावर कोंबडी चालून राहिली काय वं?" मी म्हटलं, मामाजी, गिटार आहे. म्हणाले, "मंग तिले खाली उतरव."

२४ सप्टेंबर
मोठा शोध. दुखण्याचं मूळ म्हणजे उजवा हात एकटाच राबतो. माऊस डावीकडे घेतला. उजवा हात रिकामा झाला, म्हणून त्याला गिटारच्या तारा छेडायला लावलं, कारण छेडणं म्हणजे काम नव्हे, मोकळं हलवणं आहे. कॉम्प्युटरचा थकवा गिटारवर काढायचा. गिटारचा थकवा कॉम्प्युटरवर. दोन्ही आपोआप बरे.

२७ सप्टेंबर
डावं मनगटही दुखतं.
म्हणजे दोन्ही बाजू समान झाल्या. समतोल साधला, हे चांगलंच.

२८ सप्टेंबर, रविवार
रविवारी सेंटर बंद. पण ओसरी बंद नसते. सकाळीच तुमसरहून सासऱ्यांचे ओळखीचे कोणी राईस मिलवाले आले. कमरेत पट्टा, तोंडात पान. ओसरीवर पालथे पडून माझ्या सासऱ्यांशी तांदळाच्या भावावर बोलत राहिले आणि मी मागून लाथा मारत राहिले. उठून मला म्हणाले, "पाय लय मुलायम आहे." वीट आला. पाय गरम पाण्याने धुतला. साबणाने. दोनदा.
मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट आठवली. मामाजी कंबर धरून वाकत वाकत आमच्या घरी आले होते. आईने माझी सर्टिफिकेटं काढून ठेवली होती, भरतकाम मांडून ठेवलं होतं. त्यांनी कशाकडे पाहिलं नाही. कोणीतरी कानात सांगितलं, पोरगी पायाळू आहे. तिथेच पालथे पडले. आई रडायला लागली, लग्नाआधीच सासऱ्याला लाथ? मग ठरलं, लाथ मारायची आणि लगेच पाया पडायचं, म्हणजे हिशेब फिटतो. अजून तोच रिवाज आहे. मोठा माणूस असला की लाथ, मग नमस्कार.
सासरे ताठ उभे राहून म्हणाले होते, "पोरगी पसंत."
ते भरतकाम कुठे गेलं कोण जाणे.

३ ऑक्टोबर
काल दसरा. आज नाव नोंदवलं. बाबुलालकडे. मंडप, लाउडस्पीकर, स्टेज, सगळं गावात त्याचंच. मी सांगितलं, गिटार वाजवणार, एक गाणं, दुपारच्या दंडारीच्या खेळाआधी. त्याने विचारलं, "गिटार? तुम्ही? हाताने?" मी म्हटलं, मग कशाने? तो नुसता हसला आणि म्हणाला, "नाई, मले वाटलं पायाचं काही असन." मग कमरेला हात लावून, "बरं आल्याच आहात तं..."
त्याच्या गोडाऊनमध्ये, सतरंज्यांच्या ढिगावर. सतरंज्यांना मांजराचा वास.
पण नाव लागलं!

७ ऑक्टोबर
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. सकाळी उठले की बोटांना मुंग्या असतात. आज चहाचा कप हातातून सुटला. सगळे धावत आले. सासरे म्हणाले, "कोणता कप?" कैलाश म्हणाला, "लाल फुलांचा तं नाई ना?"
लाल फुलांचाच होता. माझा हात कोणत्या फुलांचा होता ते कोणी विचारलं नाही.
शेवटी कैलाशच म्हणाला की भंडाऱ्याला दाखवून येऊ. त्याला तिथल्या बाजारात काम होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
भंडारा. एसटीत खिडकीशेजारी बसलेल्या बाईने वाटेत ओकारी काढली. खिडकी बंद होती.
फिजिओथेरपिस्टचं नाव राखी. मोनापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला काकू म्हणाली. निदान तिथेच चुकलं. अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ खाली वळवली. मी जे ओरडले ते बाहेर कैलाशला ऐकू गेलं, आत आला. पोरगी म्हणाली, "काकू, हे एकच हालचाल परत परत करून होते. अजून कशासाठी हात वापरता काय? शिवण? वाद्य?" मी म्हटलं, छे. फक्त कॉम्प्युटर.
कैलाशने माझ्याकडे पाहिलं. बोलला नाही. एवढं एक चांगलं आहे त्याच्यात.
ती म्हणाली, सहा आठवडे दोन्ही हातांना आराम. मनगटाचा पट्टा. बर्फ. एवढं काही केलं नाही तर पुढे इंजेक्शन, त्याच्याही पुढे ऑपरेशन. बोटांतली ताकद जाऊ शकते.
आजकालच्या पोरी घाबरवतात फार.
निघताना कैलाशला राहवलं नाही. "हिच्या हाताचं राहू द्या मॅडम, हिचा पाय पाहा. पायाळू आहे!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पोरीचा चेहराच बदलला. दरवाज्याचा पडदा ओढला. हळूच म्हणाली, "काकू, दिवसभर पेशंटवर वाकून वाकून माझीच कंबर... कोणाले सांगू नका." आणि स्वतःच्याच टेबलवर पालथी पडली. भिंतीवर पाठीच्या मणक्याचा रंगीत चार्ट, खाली ती, आणि स्टुलावर चढलेली मी. कैलाशने स्टूल धरला.
एवढी शिकलेली! सायन्सची! मला किळस आली. आणि मग वाटलं, एवढी शिकलेली जर मानते, तर त्यात काही असेल.

११ ऑक्टोबर
साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही? औषध माझ्याच अंगाला लटकलंय. जगाच्या कमरेला चालतं ते माझ्या मनगटाला का चालणार नाही? दुपारी दार लावून पलंगावर बसले. उजवा हात गादीवर ठेवला, उजवा पाय उचलला. पहिली लाथ गादीला बसली. दुसरी डाव्या हाताला. तिसरीला पोटरीत गोळा आला आणि मी पलंगाखाली. खाली मोनाचा जुना मोजा सापडला, आत पाल. जिवंत.
आवाजाने कैलाश आला. म्हणाला, "काय करून राहिली?" मी म्हटलं, योगा.
हातात थोडा फरक वाटतो.

१४ ऑक्टोबर
पट्ट्याबद्दल. पट्टा लावून टाइप करता येत नाही. पट्टा लावून गिटार वाजवता येत नाही. म्हणजे तो फक्त झोपेत लावता येतो. झोपेत टोचतो. शिवाय त्याला आता ओल्या फडक्यासारखा वास येतो. म्हणून गिटारच्या कव्हरमध्ये ठेवलाय. हातापासून लांब नाही.
आराम मात्र चालू आहे. आज नोंदणीच्या दोन फॉर्मांच्या मध्ये, साइट उघडेपर्यंत, हात मांडीवर ठेवून बसले होते. साइट हळू असते हे एका परीने बरंच.

२० ऑक्टोबर
सेंटरला दिवाळीची सुट्टी. पूर्ण विश्रांती. फक्त चकलीचा सोऱ्या फिरवला, लाडू वळले, लाखोळीची डाळ वाटली, अंगणात रांगोळी काढली आणि सगळं आवरल्यावर एफचा सराव केला. एफ अजून फुटक्या डब्यासारखा वाजतो. जाऊबाई विजयमाला फराळ घेऊन आल्या, भजनी मंडळात पेटी वाजवतात, ऐकून म्हणाल्या, "सूर लावते की तार तोडते?" दात काढून हसल्या. दातात चिवड्यातला कढीपत्ता होता.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
भावाला ओवाळताना ताट कललं. निरांजन त्याच्या नव्या पॅन्टवर. सगळे पॅन्टभोवती.

२६ ऑक्टोबर
युक्ती सापडली. गाण्यात एफ जिथे येतो तिथे मी खोकणार. खोकला कोणालाही येतो. मंडईत धूळ असते. एवढी सोपी वाट होती आणि मी महिनाभर बोटं झिजवली.
मोना येत नाही म्हणाली, परीक्षा आहे. म्हटलं, व्हिडिओ पाठवीन. मग म्हणाली, "आई, हात सांभाळ." मी विषय बदलला. तिला कोणी सांगितलं?

२९ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी
आज मंडई. घरात पाहुण्यांनी पाय ठेवायला जागा नाही. न्हाणीघराबाहेर रांग, पोह्यांचा टोप रिकामा, कोणाचं तरी बाळ माझ्या कीबोर्डवर बसून ओलं झालं. हरकत नाही. हिरवी रेशमी साडी काढलीय. इथल्याच मागावरची. बोटं सकाळपासून जड आहेत, पण तो उत्साह असतो.
आज लोक माझे हात बघतील.

२९ ऑक्टोबर. संध्याकाळी
लिहून टाकते. उद्या मी हे वेगळं आठवीन.
बाबुलालने माइकवर पुकारलं, "आता आपल्या समोर येऊन राहिल्या आहेत करुणाताई, आणि त्यायची गिटार!" टाळ्या बऱ्या होत्या. समोर बायका, मागे माणसं, कडेला जिलेबीचं दुकान, त्याच्यावर माश्या. सी वाजला. छान वाजला. जी वाजला. ए-मायनर. मग खोकले. पुढच्या फेरीला परत खोकले. पुढच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "कोणी बाईले पाणी द्या वो." पाणी आलं. प्यावं लागलं.
तिसऱ्या फेरीला मुंग्या अंगठ्यापासून कोपरापर्यंत गेल्या आणि हात माझा राहिला नाही. दिसत होता, पण माझा नव्हता. हातातली प्लास्टिकची चकती, जिने तारा छेडतात, ती निसटून गिटारच्या पोटात पडली.
चकती काढायचा एकच मार्ग. गिटार उलटी करून हलवायची. हलवली. आधी मोनाची हेअरपिन पडली. मग वासाचा पट्टा नाही, तो कव्हरमध्ये होता, पण त्याचीच एक दोरी. मग झुरळ. हे एवढं, मिशांचं. ते पुढच्या रांगेकडे धावलं, बायका किंचाळत उठल्या, आणि मी काही विचार न करता चप्पल काढलेला पाय त्याच्यावर आपटला.
चिर्र. अजून तळव्याला जाणवतं.
आणि मागून धनीराम ओरडला, "हाच तो पाय! हाच!"
एवढ्या टाळ्या मी माझ्या आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.
बाबुलालने माझ्या हातातून गिटार घेतली. अलगद घेतली, ते खरं. माइकवर म्हणाला, "ज्याले ज्याले कमरेचा त्रास आहे त्यायनं डाव्या बाजूनं स्टेजवर यावं. ढकलाढकली करू नये." कापणीचे दिवस. पंचक्रोशीतली एक कंबर धड नाही. रांग जिलेबीच्या दुकानाला वळसा घालून गेली. पहिले माझे सासरे, कोणाला तरी सांगत होते, "माही सून आहे." लाथ, नमस्कार. पुढचा. लाथ, नमस्कार. घामाच्या पाठी, बामाच्या पाठी, एका पाठीवर बिब्ब्याचा डाग, एका पाठीवर जिलेबीचा पाक. दंडारीवाले तोंडाला रंग लावून ताटकळत होते, शेवटी तेही रांगेत आले. विजयमालाही आल्या. त्यांना जरा जोरात मारली. एवढंच दिवसभरातलं सुख.
गिटार कुठे ठेवली मी विचारलंही नाही.

३० ऑक्टोबर
उजवा पाय सुजलाय. घोट्याखाली, भाकरीएवढा. जमिनीवर टेकवत नाही.

१ नोव्हेंबर
घरात जत्रा. धनीराम एरंडाची पानं घेऊन आला, माझी चप्पलही परत आणली. बाबुलालने मंडपाची गादी पाठवली, तोच मांजराचा वास. विजयमाला हळद-तुरटीचा लेप घेऊन आल्या आणि स्वतःच्या हाताने लावला. सासरे सकाळपासून माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेत. कोणी आत आलं की, "तिले उठवू नका. पाय आहे तो." आज त्यांनी चहा करून आणला. पंचवीस वर्षांत पहिला. साखर विसरले होते.
कैलाशने राखीला फोन लावला. पोरगी फोनवर रडवेली झाली. म्हणाली, "काकू, एकच हालचाल परत परत केली की असंच होते. पायाले पूर्ण आराम द्या, काही करू नका, मी रविवारी स्वतः येते." हातासाठी एसटीने मला जावं लागलं. पायासाठी ती येणार.
संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस माणसं आली असतील. पाय कसा आहे, पाय कसा आहे. मी हात चादरीखाली ठेवला होता. नंतर मुद्दाम बाहेर काढून ठेवला, वर, सगळ्यांना दिसेल असा. एका बाईने त्यावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि गेली.
शी.

६ नोव्हेंबर
सेंटरवर कैलाश बसतो. एका बोटाने टाइप करतो. रांग रस्त्यापर्यंत. मला हसू येतं आणि मग राग येतो, का ते कळत नाही.
काही करायचं नाही म्हणून काहीच केलं नाही. सकाळी बोटांना मुंग्या नव्हत्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी कैलाश सेंटर बंद करून आला. माझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसला. सूज उतरलीय. त्याच्या नखात खर्ऱ्याचा रंग होता, कोणाच्या तरी अंगठ्याचा. बाहेर सासरे कोणाला तरी सांगत होते की सोमवारपासून लाथा परत सुरू.
मग तेलाचा हात थांबवून कैलाशने विचारलं, "आणि हात?"
सप्टेंबरपासून मी या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर तयार होतं. तयार म्हणजे, पाठ होतं. कुठे दुखतं, कधीपासून, बरणी, कप, मुंग्या, स्टेजवर तो हात माझा कसा राहिला नाही, सगळं. एक वाक्यही कमी नव्हतं.
मी म्हटलं, "हाताला काय झालं?"
तो उठून गेला आणि गिटार घेऊन आला. बाबुलालकडून त्याच दिवशी आणून ठेवली होती म्हणे, धुऊन पुसून. आतून झुरळांची पावडरही टाकली होती. पलंगाला टेकवली आणि सेंटर उघडायला गेला.
डोळ्यात पाणी आलं ते पावडरमुळे.
हात अगदी बरा वाटत होता. बरा झालाय की नाही याची खात्री करायला एकदा एफ लावून पाहिला. फक्त खात्रीसाठी. मग नीट ऐकू आला नाही म्हणून आणखी काही वेळा.
दुखतोय. कोरड्या हवेमुळे असणार.